मत कुजवू नका



आधी माझाच एक दोष कबूल करतो. मी खेड्यातला शाळामास्तर. निवडणूक आली की आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागते. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचे, रात्र परगावच्या शाळेत काढायची आणि सकाळपासून लोकांच्या बोटाला शाई लावायची. आमचे स्वतःचे मत टपालाने द्यावे लागते आणि त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. एका निवडणुकीत मी तो भरलाच नाही. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली आणि स्वतःचे बोट कोरे घेऊन घरी आलो. कोणी विचारले तर म्हणायचो, सगळे एकाच माळेचे मणी, माझ्या एका मताने काय होणार? घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि हे बोलणे मला शहाणपणाचे वाटत होते!

हेच बोलणे आज आपल्या घराघरांतून ऐकू येते. ते उगीच आलेले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याची शकले झाली. १९९८ साली गट एकत्र आले तेव्हा अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर-मध्य मुंबई या चार सर्वसाधारण जागांवरून, राखीव नव्हे, आपले चार खासदार लोकसभेत गेले. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली, तोवर ऐक्य उरले नव्हते. आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, २००९ पासून शिर्डीची लोकसभेची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण राखीव जागेवरचा माणूसही शेवटी इतरांच्या मतांवर निवडून येतो ही पुणे करारापासूनची सल आहेच. त्यातच २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला आपला कोवळा मुलगा मारला गेला आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. हे सारे पाहिलेल्या माणसाने मतदानाच्या दिवशी घरात बसून राहावे, याचा मला राग येत नाही. त्याच्याशी बोलावेसे वाटते.

बोलायचे ते भंडाऱ्याविषयी. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पूज्य बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे होते. त्या काळी काही मतदारसंघ दोन जागांचे असत. एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. ज्याला आपला एकच उमेदवार वर आणायचा असे, तो दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवी. त्याला मत 'कुजवणे' म्हणत. बाबासाहेबांच्या विरोधात मुंबईत हा प्रकार झाला, असे त्या काळची मंडळी सांगत आली आहेत. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा तयार केला ते चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तीही दोन जागांची. आता कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच दिले नाही तर बाबासाहेब आकड्यात वर राहतील. मुंबईत ज्या शस्त्राने आपल्याला पाडले, तेच आपण इथे उचलायचे. बाबासाहेबांनी नकार दिला. लोकांना आपले मत वाया घालवायला सांगणार नाही, पडलो तरी चालेल, असा त्यांचा भाव होता, अशी हकीकत जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. आणि ते पडले, आठ हजारांहून अधिक मतांनी.

मी ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला ती हट्टीपणाची वाटली होती. आता वेगळे दिसते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे तरुण भीमराव साक्ष द्यायला गेले, तेव्हा मताचा हक्क मालमत्ता आणि शेतसारा यांवर मोजला जात होता. म्हणजे ज्याच्याकडून सारे हिरावून घेतले त्याला मतही नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. तीस-पस्तीस वर्षे झगडून मिळवलेली ही वस्तू. तिचा निकाल आपल्या बाजूने लागला नाही म्हणून तिची किंमत त्यांनी कमी मानली नाही. पडण्याचे दुःख त्यांना झाले नसेल काय? झालेच असेल. परंतु स्वतःच्या विजयासाठी दुसऱ्याचे मत कुजवणे त्यांना नको होते. मग आपण आपले मत, तेही फुकट, स्वतःच्याच हाताने कुजवतो, त्याला काय म्हणावे?

काही बांधव म्हणतात की आपण धम्माचे लोक, राजकारणाच्या चिखलात कशाला पडा. त्यांनी विनयपिटक उघडून पाहावे. चुल्लवग्गात संघातील वाद मिटवण्याच्या रीती सांगितल्या आहेत. एकमत होत नसेल तेव्हा बहुमताने निर्णय घेण्याची रीत तिथे आहे, तिला 'येभुय्यसिका' म्हणतात. मत म्हणजे शलाका, लाकडाची काडी. ती गुप्तपणे देता येई, उघडपणे देता येई, कानात सांगूनही देता येई. शलाका गोळा करणारा भिक्खू कसा असावा हेही ठरलेले होते. छंद म्हणजे आसक्ती, दोस म्हणजे द्वेष, मोह आणि भय या चार गोष्टींनी तो वाकडा जाणारा नसावा, आणि कोणाची शलाका घेतली, कोणाची राहिली, हे त्याला कळले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या या पद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला होता.

आता विचार करा. ज्यांनी घरदार सोडले, ज्यांना सत्ता नको होती, त्या भिक्खूंमध्येही मतभेद होत आणि काड्या मोजाव्या लागत. तथागतांनी वज्जींना एकत्र जमण्याचा, एकजुटीने निर्णय घेण्याचा उपदेश केला हे खरे. पण काहींना गप्प बसवून मिळते ती एकजूट नव्हे.

हे मी लिहितो त्याला कारण आहे. आपल्याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात, २०२० च्या डिसेंबरात तत्कालीन आमदारांनी ग्रामपंचायत बिनविरोध करणाऱ्या गावांना २५ लाखांचा निधी जाहीर केला. भांडणे नकोत, खर्च वाचावा, हा हेतू चांगलाच असेल. पण बिनविरोध ठरवणारी बैठक कुठे बसते? बहुधा देवळाच्या पारावर. तिथे आपल्या वस्तीतले किती असतात, आणि असले तर कितीजण तोंड उघडतात? याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीला तर पदांचा लिलाव झाला. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली, तीही देवळाच्या बांधकामासाठी. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. मत निरुपयोगी असते तर ते मोडून काढायला कोणी दोन कोटी मोजले असते काय?

माझ्या चुलत्यांची गोष्ट सांगतो. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. एका निवडणुकीत आदल्या रात्री त्यांनी दोन्ही बाजूंची पाकिटे घेतली आणि मत तिसऱ्यालाच दिले. मला मोठ्या खुशीत सांगत होते, "आरं, त्यांचा पैसा म्हंजी आपलाच पैसा. घेतला तर कुठं बिघडलं? मत तर मी माझ्याच मनानं टाकलं ना?" मी त्यांना पंचशील आठवून दिले. तात्या वस्ताद. म्हणाले, "न दिलेलं घेऊ नये असं हाय ना? ह्ये तर त्यांनी दिलेलं व्हतं."

मला उत्तर सुचायला बरेच दिवस लागले. पाकीट घेताना ते 'हो' म्हणाले होते आणि ते 'हो' खोटे होते, म्हणजे चौथे शील मोडले, हे तर झालेच. पण त्याहून मोठी गोष्ट पावसाळ्यानंतर घडली. वस्तीच्या नळाला पाणी येईना. आम्ही निवेदन घेऊन गेलो तेव्हा निवडून आलेला सदस्य सर्वांसमोर तात्यांकडे पाहून हसला आणि म्हणाला, "तात्या, तुमचा हिशेब तर रोखीत झालाय." तात्यांनी मत त्याला दिलेच नव्हते, पण तसे सांगायचे कोणत्या तोंडाने? त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. छंद, दोस, मोह, भय ही चार नावे मी त्यांना त्या रात्री सांगितली. ते एवढेच म्हणाले, "भयाचं मला ठावं हाय, मोहाचं आता कळलं."

कोणीच योग्य वाटत नसेल तर २०१३ पासून यंत्रावर 'नोटा'चे बटण आहे, आणि महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली काढलेला आहे. घरी बसलेल्याचे मत मात्र कशातच मोजले जात नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ज्या कुटुंबांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे, त्यांनी मतदार यादी जरूर पाहावी. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. आपल्यात दीक्षेनंतर कोणी नाव बदलले, कोणी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, यादीत तिसरेच. दुरुस्तीसाठी नमुना ८ आणि नवीन नावासाठी नमुना ६ भरावा लागतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे आपले बांधव उसतोडीला जातात, त्यांनी जाण्यापूर्वीच हे करून ठेवावे. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर आली होती, हे विसरू नये.

माझ्या आईचे नाव यादीत अजून जुनेच आहे, तेही चुकीचे छापलेले. गेल्या रविवारी तिच्यासाठी नमुना ८ भरला. सही करते म्हणाली, अंगठा नको. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरे तिने बराच वेळ लावून काढली. अर्ज पोचला आहे. तात्यांचा अर्ज भरायचा राहिला आहे, ते उद्या येतो म्हणाले आहेत.