संस्थापकाच्या पश्चात

सार्वजनिक संस्थेच्या चालकाचे गुणवर्णन करताना आपण त्याचा त्याग, त्याची तळमळ आणि देणग्या मिळविण्यातील त्याची चिकाटी यांचा मुक्तकंठाने गौरव करतो. परंतु आपल्या पश्चात ही संस्था कोणाच्या बळावर चालेल, हा प्रश्न अधिकार हाती असताना आणि अनुयायी तो ऐकूनही घेत नसताना त्याने स्वतः उपस्थित केला होता की नाही, ही कसोटी आपण क्वचितच लावतो. माझ्या मते हीच कसोटी सर्वांत न्याय्य आहे.

या दृष्टीने धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पुनःपुन्हा अभ्यासण्याजोगे आहे. १८९६ साली पुण्यात स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर गेला, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाल्यावर पायी हिंगणे गाठणारा हा प्राध्यापक आश्रमाचा चालक होता, शिक्षक होता आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणारा याचकही होता. एवढा भार एकाच व्यक्तीवर पडला की संस्था त्या व्यक्तीइतकीच अल्पायुषी होते, आणि भोवतालचे लोक मात्र त्यालाच निष्ठा म्हणून गौरवीत राहतात. कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्ममठ काढला, तो आपले सारे आयुष्य कार्याला वाहून मठ देईल तेवढ्या निर्वाहावर संतुष्ट राहणारे सेवक तयार व्हावेत म्हणून. वैधव्य आल्यानंतर शिक्षण घेतलेल्या पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी निधी जमवीत गावोगाव हिंडल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. जिच्यासाठी संस्था काढली, तीच संस्थेचा आधार व्हावी, याहून मोठे यश मला तरी ठाऊक नाही. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कुलपतिपद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आणि कुलगुरुपद रँग्लर परांजप्यांकडे गेले. आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला नाव लागले ते ठाकरसींच्या मातोश्रींचे. कर्वे १९६२ पर्यंत, वयाची शंभरी उलटून जाईपर्यंत, जगले; तोवर आपल्या कार्याची सूत्रे इतरांच्या हाती गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

गोपाळ कृष्ण गोखले यांना एवढे आयुष्य लाभले नाही. १९०५ साली त्यांनी स्थापन केलेला भारत सेवक समाज जेमतेम दहा वर्षांचा असताना, १९१५ च्या फेब्रुवारीत, ते निवर्तले. गांधींनी समाजात यावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती. तथापि त्यांच्या पश्चात गांधींनी सभासदत्वाची इच्छा दर्शविली, तेव्हा ध्येय आणि कार्यपद्धती यांतील अंतरामुळे सभासदांत तीव्र मतभेद झाले आणि अखेरीस गांधींनीच आपला अर्ज मागे घेतला. दिवंगत गुरूच्या इच्छेपुढे मान तुकविणे त्या सभासदांना सोपे होते. विचारांती विरोध करण्याचे धैर्य त्यांच्या अंगी असावे, हे मी गोखल्यांच्याच शिकवणुकीचे फळ मानतो. समाजाची धुरा श्रीनिवास शास्त्रींनी वाहिली, आणि गांधींचा त्या मंडळींशी स्नेहही टिकला.

आजच्या संस्थांकडे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून अमलात आहे. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज दाखल करावा लागतो आणि जमाखर्च हिशेब तपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो. पण कायदा दफ्तर तपासू शकतो, चालकाची वृत्ती तपासू शकत नाही. ज्या चालकाने सभेचे इतिवृत्त दुसऱ्याकडून लिहवून घेतले, देणगीदाराची भेट एकट्याने न घेता तरुण कार्यकर्त्याला सोबत नेले, आपल्या सूचनेविरुद्ध मत पडले असता तो ठराव निमूटपणे अमलात आणला आणि आपल्या मुलाला वा जावयाला कार्यकारिणीत घेताना इतरांचा निर्णय स्वतःच्या निर्णयाहून वरचा मानला, त्याची संस्था त्याच्यामागे कोर्टकचेऱ्यांत सापडण्याचा संभव फार कमी. ही कामे नीरस आहेत, त्यांचा सत्कार होत नाही. म्हणूनच ती चालकाला स्वतःच्या विवेकाने करावी लागतात.

वाचकांपैकी अनेकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे वर्गणीदार सभासद असतील. त्यांनी यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला अगत्याने हजर राहावे, हिशेब वाचून घ्यावा आणि अध्यक्षांना आदरपूर्वक एवढेच विचारावे, की आपल्यानंतर ही जबाबदारी घेण्यास आपण कोणाला तयार करीत आहात.