गिटारचा कापलेला खांदा आणि पूर्णतेचा प्रश्न

अकूस्टिक गिटारच्या अंगाला दोन खांदे असतात. नेक अंगाला मिळते तिथून ते दोन्ही बाजूंना सारखे उतरतात, मग कंबर येते आणि तिच्याखाली रुंद घेर. कटअवे गिटारमध्ये बारीक तारांच्या बाजूचा खांदा नेकपाशी आत घेतलेला असतो. तो मागाहून करवतीने काढलेला नसतो. बाजूची पातळ फळी उष्णतेने वाकवतानाच तिला आत वळण दिले जाते. यामागचे कारण साधे आहे. स्पॅनिश धाटणीच्या गिटारमध्ये नेक बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे बाराव्या पडद्यापाशी, अंगाला जोडलेली असते, पोलादी तारांच्या बहुतेक आधुनिक गिटारमध्ये चौदाव्या फ्रेटपाशी. त्यापुढचे फ्रेट अंगावर येतात आणि डाव्या हाताचा पंजा खांद्याला अडतो. खांदा आत गेला की हात आणखी चार-सहा फ्रेट सहज पुढे सरकतो. मारियो माक्काफेरीने आखलेल्या आणि 1932 पासून सेल्मर कंपनीने बनवलेल्या गिटारना असा कटअवे होता. जाझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या वादनामुळे तो आकार जगभर ओळखीचा झाला. गिब्सनने 1939 मध्ये आपल्या मोठ्या जाझ गिटारना तो दिला. शास्त्रीय गिटारने मात्र बहुतांशी दोन्ही खांदे राखले.

कटअवेवर दोन आक्षेप घेतले जातात. एक डोळ्याचा: वाद्य अपुरे, चावा घेतल्यासारखे दिसते. दुसरा कानाचा: अंग कमी झाले म्हणजे नादही कमी झाला. दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते असे की पूर्ण वस्तू म्हणजे जिच्यातून काही काढलेले नाही ती. हे गृहीत तपासणे हा तत्त्वज्ञानाचा विषय आहे. पण त्याआधी कानाची तक्रार निकालात काढता येते, कारण तिचा बराचसा भाग मोजता येतो.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पातळ फळीतून, म्हणजे सतारीच्या भाषेत तबलीतून, निघतो. ही फळी सगळीकडे सारखी थरथरत नाही. घोडी ज्या खालच्या घेरावर बसते तिथे तिची हालचाल सर्वांत मोठी असते. वरच्या खांद्यांचा भाग आतून आडव्या पट्टीने ताठ केलेला असतो, कारण त्याला नेकचा ताण पेलायचा असतो. नादात त्याचा वाटा थोडा. कटअवे नेमका याच मुक्या भागातून जातो. उरतो प्रश्न आतल्या हवेचा. पोकळीतली हवा आणि नादछिद्र मिळून सुमारे 100 हर्ट्झच्या आसपास एक अनुनाद तयार होतो आणि खर्जाच्या स्वरांना त्याचा आधार मिळतो. पोकळी लहान झाली की हा अनुनाद वर सरकतो, पण आकारमानाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. बाकी सारे तसेच ठेवून पोकळी 3 टक्क्यांनी घटली, तर तो सुमारे दीड टक्का चढेल, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जेमतेम पाव भागाइतका. एकाच कारागिराने एकाच झाडाच्या लाकडातून केलेल्या दोन गिटारींमध्ये यापेक्षा मोठा फरक सहज पडू शकतो.

अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या केलेली एक गिटार बनवली. वरची फळी चांगली असेल तर उरलेल्या अंगाचे महत्त्व किती, हा प्रश्न त्याने वाद्य घडवूनच विचारला. अलीकडचा पुरावाही त्याच दिशेने जातो. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 52 वादकांनी पाठ-बाजूंचे लाकूड सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या सहा गिटार वाजवल्या. लाकूड डोळ्यांना दिसणार नाही अशी व्यवस्था होती. महागड्या लाकडाला त्यांनी ठळकपणे उजवे ठरवले नाही. हा प्रयोग कटअवेचा नव्हता. पण वादकाच्या कानात जे मत असते त्यात डोळ्याने किती भर घातलेली असते, हे त्यातून दिसते. 2013 मध्ये संशोधक चिया-युंग त्साय यांनी दाखवून दिले की, संगीत स्पर्धांचे विजेते ओळखायला सांगितले तेव्हा केवळ आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून चित्रफीत पाहणारे अधिक अचूक निघाले; आणि यात कसलेले वादकही अपवाद ठरले नाहीत.

प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातल्या वैशेषिक दर्शनाला डोळा आणि कान यांच्या या गोंधळाचे फारसे नवल वाटले नसते. त्या दर्शनात प्रत्येक इंद्रियाचा विषय ठरलेला आहे: डोळ्याला रूप, कानाला शब्द. शब्द हा आकाशाचा गुण, आणि कान म्हणजे कर्णविवराने मर्यादित झालेले आकाशच. नाद उगमापासून कानापर्यंत पाण्यावरच्या लाटांसारखा, एकातून दुसरा उपजत, येतो. या विचाराप्रमाणे कान कापलेला खांदा ऐकूच शकत नाही. तो फक्त आलेला नाद ऐकतो. खांदा पाहतो डोळा, आणि दोन्हींची सांगड घालून ‘नाद उणा आहे’ असे ठरवते मन. त्यामुळे कटअवे गिटारचा नाद ऐकण्याआधीच ज्याला तो पातळ वाटतो, त्याची तक्रार इंद्रियाची नसून अनुमानाची आहे, आणि अनुमानाचा हेतू, म्हणजे त्याचा आधार, इथे कच्चा आहे. जुन्या तार्किकांनी ही चर्चा गिटारसाठी केली नव्हती हे खरे, पण तिची धार अजून चालते.

डोळ्याची तक्रार इतकी सहज निकालात निघत नाही. मराठीत सौंदर्याचा विचार सर्वांत काटेकोरपणे बा. सी. मर्ढेकरांनी मांडला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या ग्रंथाला 1956 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या मते सौंदर्य आशयात किंवा उपयोगात नसते. संवेदनांच्या परस्परसंबंधांत, लयीत असते, आणि या लयीचे नियम तीन: संवाद, विरोध आणि समतोल. गिटारच्या बाबतीत यातला तिसरा नियम कळीचा आहे. समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे नव्हे. सारखेपणा हा समतोलाचा सर्वांत सोपा प्रकार, एवढेच. कटअवे गिटारमध्ये उजव्या-डाव्या खांद्यांत विरोध येतो, खालच्या घेराची वक्रता वर आत वळलेल्या रेषेत पुन्हा उमटते आणि तिथे संवाद साधतो. मग समतोल साधला की नाही हे त्या रेषेच्या वळणावर ठरते. गोल वळणाचा कटअवे बहुधा साधून जातो. टोकदार शिंग काढलेला कटअवे मोठ्या अंगाच्या गिटारवर अनेकदा उपरा वाटतो, कारण त्या अंगात दुसरीकडे कुठेच टोक नसते. म्हणजे मर्ढेकरांच्या कसोटीवर ‘कटअवे शोभतो का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही; प्रत्येक वाद्य वेगळे पाहावे लागते.

पण ही कसोटी वाद्याला पुरती लागू पडते का, हीच शंका आहे. वाद्य हे चित्र नव्हे. झेनोफोनने नोंदवलेल्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो की कामाला नीट येणारी शेण वाहायची टोपलीही सुंदर आणि कामाला न येणारी सोन्याची ढालही कुरूप. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 च्या ग्रंथात सौंदर्याच्या दोन प्रकारांत भेद केला. फुलासारख्या गोष्टींचे सौंदर्य कोणत्याही हेतूच्या कल्पनेशिवाय जाणवते. घोडा, चर्च किंवा राजवाडा यांचे सौंदर्य मात्र ती वस्तू कशी असायला हवी या कल्पनेला बांधलेले असते. गिटार दुसऱ्या गटातली. म्हणून तिच्या आकाराचा निवाडा करताना हात वर कुठवर जाणार आहे हे विचारणे गैर नाही, उलट आवश्यक आहे.

गरजेतून आलेला काप पुढे सौंदर्य म्हणून मान्य झाल्याची उदाहरणे वाद्यांतच आहेत. व्हायोलिनची कंबर इतकी आत आहे ती गजाला बाजूच्या तारांवर जायला वाट हवी म्हणून. सारंगीची कंबरही त्याच गरजेशी जुळलेली. कोणी व्हायोलिनला कापलेले वाद्य म्हणत नाही. उलट, कटअवेची कधी गरजच पडली नाही अशी वाद्येही आहेत. मिरजेला एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरे घडवले जातात, आणि 2024 मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दांडीवरच संपतात आणि भोपळा त्यांच्यापलीकडे राहतो, त्यामुळे हाताला अडथळाच नाही. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. सळी वरून तारांवर सरकते, म्हणून खांदा तिथेही आड येत नाही. कटअवे हा गिटारच्या स्वभावात नाही. तो ती धरण्याच्या एका विशिष्ट पद्धतीत आहे.

तरीही ‘खंडित’ हा शब्द मनात येतोच, आणि तो धार्मिक आहे. मूर्तीचा हात तुटला, नाक झडले, तर ती पूजेतून काढून विसर्जित करण्याची रीत आहे. मग अंग कापलेले वाद्य देवापुढे कसे चालेल? या प्रश्नाचे उत्तर त्याच परंपरेत आहे. गणपतीचा एक दात मोडलेला आहे, आणि दोन्ही दात अखंड असलेली मूर्ती कोणी घडवली तर लोक तिला पूर्ण न म्हणता चुकलेली म्हणतील. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी गणेशाचे रूपक रचताना हा मोडलेला दातही वगळला नाही. त्याला खंडन झालेल्या बौद्धमताची खूण ठरवून अर्थात सामावून घेतले. पुरीच्या जगन्नाथाला हाताचे पंजे नाहीत, तरी तो खंडित नाही. मध्य प्रदेशातल्या सौसरजवळच्या जामसावळीचा मारुती उभा नाही, पहुडलेला आहे, आणि भाविकांना त्यात काही उणे दिसत नाही. म्हणजे परंपरा दोन गोष्टींत फरक करते: ठरलेल्या रूपातून अपघाताने गेलेला भाग आणि मुळातच तसे ठरलेले रूप. पहिले व्यंग, दुसरे लक्षण. खांदा आतल्या वळणाने घडवलेली गिटार दुसऱ्या प्रकारातली आहे. पडून खांदा फुटलेली पहिल्या.

हा फरक मान्य केला तरी कटअवे प्रत्येक ठिकाणी योग्य ठरत नाही. त्याच भागातल्या, 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, नागपूर–इटारसी लोहमार्गावरच्या तिगावसारख्या मराठी बोलणाऱ्या गावात भजनाला गिटार जोडायची झाली, तर तिचे काम बहुतेक पहिल्या चार-पाच फ्रेटवर होईल: सूर धरून ठेवायचा, गाणाऱ्याला आधार द्यायचा. तिथे कटअवे हा न वापरलेला दरवाजा आहे. शेजारच्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी जी खंजिरी भजनात रुजवली तिच्या चौकटीला खाचा असतात, पण त्या खाचांत झांजा बसतात आणि वाजतात. काप कामाला आला पाहिजे, हे गोव्याच्या चर्चमध्येही लागू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती पवित्र उपयोगाला योग्य असतील तर, परवानगी दिली. तिथे कसोटी योग्यतेची आहे, आकाराची नाही. त्या दृष्टीने पाहिले तर प्रार्थनेत वरच्या पट्टीतला एकल तुकडा वाजवणाऱ्याचा कटअवे सार्थ, आणि केवळ दुकानात देखणा दिसला म्हणून घेतलेला कटअवे सजावट. सजावट पाप नाही, पण तिला गरजेचे नाव देऊ नये.

एक मुद्दा बहुधा सुटतो. दोन सारख्या खांद्यांची गिटार दोन्ही हातांची वाटते, पण ती तशी नसते. वरच्या फळीखालच्या पट्ट्या अनेकदा तिरक्या असतात, तारांच्या खाचा जाड-बारीक असतात, पोलादी तारांच्या गिटारमध्ये घोडीवरचा हाडाचा तुकडाही तिरका बसवलेला असतो. बाहेरची समरूपता आतल्या एकांगीपणावर पांघरूण घालते. कटअवे ते पांघरूण काढतो. डावखुरा वादक सरळ गिटारच्या तारा उलट्या लावून, खाचा बदलून कसेबसे चालवून घेतो. कटअवे गिटार उलटी धरली की कापलेला खांदा वर जातो आणि ज्या खांद्याला हात अडायचा तो तसाच अडतो. त्याला डावखुरी म्हणून वेगळी घडवलेली गिटारच लागते.