आजचं चिंतन : मात्रास्पर्श (गीता 2.14)



आंबिवलीला लोकलमध्ये चढताना सॅकचा पट्टा खांद्याला जाणवत होता, शहाड येईपर्यंत विसरलो. त्वचेतले रिसेप्टर दाब बदलला की मेंदूला कळवतात. तो तसाच राहिला की बरेचसे गप्प होतात. वेदनेचे रिसेप्टर मात्र सहजासहजी गप्प बसत नाहीत.

भगवंत अर्जुनाला सांगतात, इंद्रियांच्या स्पर्शातून येणारं शीत-उष्ण, सुख-दुःख टिकत नाही, सहन कर. मी काय केलं? स्टेशनच्या पुलावर रोज बसणाऱ्या आजीही मला त्या पट्ट्यासारख्याच जाणवेनाशा झाल्या. ही तितिक्षा नव्हे, बधिरपणा. सोसायचं ते स्वतःचं. दुसऱ्याचं दुःख रोज नव्याने टोचायला हवं.

उद्या एक लोकल सुटली तरी चालेल. आजींपाशी थांबेन.