आकाशाचा पंचनामा

रात्री आकाशात काहीतरी दिसले, ते काय होते ते कळले नाही, म्हणून ते परग्रहावरून आले होते, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात आता मजा उरलेली नाही. त्यांची उडी सगळ्यांनाच दिसते. हसून मोकळे होता येते. खरा वाद अधिक सभ्य पक्षाशी आहे. हा पक्ष म्हणतो, परग्रहाचे आम्ही काही म्हणत नाही, पण पाहणारा कोण ते तरी बघा. वैमानिक, जवान, विमानतळावरचा नियंत्रक यांची नजर कसलेली असते, ते खोटे कशाला सांगतील? बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा युक्तिवाद चटकन गळी उतरतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण इथेच, आणि गल्लीगणिक एखादा माजी सैनिक. फौजीच्या शब्दाला इथे वजन आहे, आणि ते असावेही. पण मुद्दा खोट्या-खऱ्याचा नाहीच. आकाशातल्या ठिपक्याचे अंतर डोळ्याला कळत नाही, मग तो डोळा शेतकऱ्याचा असो की सुभेदाराचा.

याचा सर्वांत चांगला दाखला लडाखमधला आहे. २०१२च्या ऑगस्टपासून २०१३च्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या परिसरातील भारतीय चौक्यांनी आकाशात तेजस्वी वस्तू पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आत आली, असे नोंदवले गेले. संशय अर्थातच चिनी टेहळणी ड्रोनचा. शेवटी बंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारण्यात आले. त्यांची वेधशाळा लडाखमध्येच, हानलेला आहे. त्यांनी नोंदी ग्रहगतीशी ताडून पाहिल्या, आणि एक ड्रोन निघाला गुरू, दुसरा शुक्र. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर हवा विरळ आणि कोरडी असते, ग्रह मैदानातल्यापेक्षा कितीतरी प्रखर दिसतात. त्यात समोर वादग्रस्त सीमा. सीमेवर उभ्या माणसाला प्रत्येक हालचाल पलीकडून अलीकडे होताना दिसते. हे बेळगावच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

ही हकिगत सहसा जवानांची थट्टा करण्यासाठी सांगितली जाते. प्रशिक्षित साक्षीदाराचा बडिवार मोडायला मीही ती इथे घेतली. पण जरा थांबून पाहिले की ती उलटीच वाटू लागते. जवान चुकले ते अर्थ लावण्यात. दप्तर ठेवण्यात चुकले नाहीत. कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, हे लिहून ठेवले होते म्हणूनच पुढे कुणाला तरी ते ग्रहांशी जुळवता आले. त्यांनी नुसतेच ‘चिनी ड्रोन दिसला’ एवढे कळवले असते, तर ती ३२९ गूढे आजही गूढेच राहिली असती आणि त्यांवर एव्हाना पुस्तके निघाली असती. याच्या उलट, १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळच्या विमानतळाजवळ एक वस्तू दिसली, विमानांची ये-जा काही तास थांबली, हवाई दलाने राफेल पाठवले. हाती काही लागले नाही. त्या वस्तूविषयी दोन्ही बाजूंनी छातीठोक बोलणारे पुष्कळ आहेत. ‘अज्ञात’ हे विशेषण आपण वस्तूला लावतो, खरे तर ते नोंदीला लावायला हवे.

एकदा हे मान्य केले की माझ्याच पक्षाचे लोक अडचणीत येतात. आकाशात दिव्यांची माळ दिसली रे दिसली की ‘स्टारलिंक!’ असे सांगून झोपी जाणारे विवेकवादी हल्ली बरेच झाले आहेत. मे २०१९ मध्ये स्टारलिंकच्या साठ इंटरनेट-उपग्रहांची पहिली तुकडी गेल्यापासून अशा माळा जगभर दिसल्या, आणि बहुतेक वेळा उत्तर तेच असते, हे खरे. पण साडेपाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो उन्हात असेल तरच दिसतो. बेळगावच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यावर साधारण दीड तासाने डोक्यावरचा असा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो. पश्चिम क्षितिजाजवळ तो आणखी काही काळ दिसेल, पण ऐन मध्यरात्री वर्षातल्या कोणत्याही महिन्यात तो इथून दिसू शकत नाही. स्वीडनमध्ये जूनच्या रात्री दिसेल, खानापुरात नाही. तेव्हा रात्री बारा वाजता पाहिलेल्या माळेला न विचारता ‘स्टारलिंक’ म्हणणारा आणि तिला ‘यान’ म्हणणारा, दोघेही एकाच देवळातले भक्त आहेत. किती वाजता, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो.

२०२२ च्या गुढीपाडव्याची गोष्ट याच जातीची. २ एप्रिलच्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून पेटते गोळे संथपणे सरकत गेले. लगेच कुणी उल्का म्हणाले. कुणी न्यूझीलंडहून त्याच दिवशी सुटलेल्या रॉकेटचे नाव घेतले. हे दुसरे स्पष्टीकरण शास्त्रीय होते, सुसंगत होते आणि चुकीचे होते. तोवर चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले. जळत गेले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असल्याचे त्याच्या कक्षेवरून आणि लोकांनी काढलेल्या चित्रफितींच्या वेळांवरून ठरले. लाडबोरीकरांनी कोणताही सिद्धान्त मांडला नाही. त्यांनी कडे पोलीस ठाण्यात पोहोचवले.

आता त्या तक्रारीकडे येतो, जी या विषयावर बोलताना हमखास ऐकू येते: प्रस्थापित विज्ञानाला परग्रहावरच्या जीवाचे नावच नको असते. ही तक्रार निदान या भागात तरी करू नये, कारण निपाणीहून तासाभराच्या वाटेवर, कोल्हापुरात, १९३८ साली जन्मलेल्या माणसाने ती आधीच खोटी पाडली आहे. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले, आणि श्रद्धांजल्यांत त्यांची दोनच रूपे दिसली: महास्फोट सिद्धान्ताला विरोध करणारा शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार. तिसरे रूप मला अधिक मोलाचे वाटते. जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येत असतील, ही त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांची कल्पना बहुतेकांनी हसण्यावारी नेली. नारळीकरांनी हसण्याऐवजी ती तपासायला घेतली. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधील तळावरून इस्रोच्या साहाय्याने महाकाय फुगे सोडण्यात आले. दुसऱ्या खेपेला निर्जंतुक केलेल्या, निर्वात पोलादी नळ्या होत्या सोळा. त्या द्रवरूप निऑनने गार ठेवलेल्या होत्या, आणि वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीच्या दरम्यान ठरल्या जागी त्यांच्या झडपा उघडत. नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले, म्हणजे एकीच्या हाताची घाण दुसरीत सापडू नये. बारा जीवाणू आणि सहा बुरशी वाढल्या; जीवाणूंपैकी तीन प्रजाती अगदी नव्या निघाल्या. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले.

आणि मग २००९ मध्ये ही बातमी देताना इस्रोने काय म्हटले? की एवढ्याने हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे सिद्ध होत नाही. नवी प्रजाती म्हणजे परकी प्रजाती नव्हे. पृथ्वीवरूनच ती वर गेली असेल. ज्याला उत्तर ‘होय’ असावे असे मनापासून वाटत होते, त्याच्याच प्रयोगाने ‘अजून नाही’ म्हणावे, आणि त्याने ते म्हणू द्यावे, ही शिस्त कथा लिहिण्याहून अवघड आहे. गंमत अशी की त्याच तळावरून सुटणारे फुगे संध्याकाळच्या उन्हात चकाकतात आणि गावोगाव ‘उडती तबकडी’ ठरतात. २०२५ च्या जानेवारीत अशाच एका फुग्याची उपकरणे बिदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात उतरली तेव्हा गाव हादरले. परग्रहावरचा जीव शोधायला ज्या तळावरून फुगा वर गेला, त्याच तळाचा फुगा खाली लोकांना परग्रहावरचा वाटतो.

आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते, असेही कुणी म्हणेल. काही अंशी होतेच. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार रूपावरून वेगळे केले आहेत, आकाशात भासणाऱ्या गंधर्वनगरावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. पाहणे उत्तम, बिघडले ते प्रत्येक दर्शनाला राजाच्या भवितव्याचे फळ जोडल्यावर. पण हल्ली पूर्वज म्हणून वराहमिहिर पुढे येत नाही, वैमानिक शास्त्र येते. आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी विसाव्या शतकात सांगितलेला हा ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडणारी नाहीत, असे बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. तरी विमान उडवल्याची आख्यायिका असलेले मुंबईचे तळपदे आणि कर्नाटकाचे शास्त्री यांना जोडून एकच अभिमानकथा सांगितली जाते. सीमावादावरच्या महाजन आयोगाला जे जमले नाही ते इथे बिनबोभाट जमले: दोन्ही राज्यांचा संपूर्ण एकोपा.

राहता राहिला शिल्लक प्रकरणांचा आक्षेप. शंभरातल्या काही घटना तज्ज्ञांनाही उलगडत नाहीत, त्यांचे काय? अमेरिकेत नासाच्या समितीने २०२३ मध्ये आणि पेंटॅगॉनच्या खास कार्यालयाने २०२४ मध्ये अहवाल दिले. परग्रहाचा पुरावा कुणालाच मिळाला नाही, आणि उरलेल्या घटनांबाबत दोघांचे रडगाणे एकच होते, नोंदी अपुऱ्या आहेत. शिल्लक म्हणजे मौल्यवान गाळ नव्हे. उताऱ्यावर मालकाचे नाव नसले म्हणून जमीन आभाळातून पडली असे ठरत नाही. तलाठ्याने नोंद घातलेली नसते, एवढेच. मात्र मी हेही मान्य करतो की ज्याची नोंद नाही त्याला ‘काही नव्हतेच’ म्हणण्याचा अधिकार मलाही उरत नाही.

सामान्य माणसाने अंश कसे मोजायचे, हा आक्षेप मला कधीच पटला नाही. हात ताठ करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. वेळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. सांबऱ्याकडे उतरणारे विमान समोरून येताना मिनिटभर हलतच नाही, लग्नातला दिव्यांचा ड्रोन थबकतो, कागदी कंदील वाऱ्याबरोबर जातो. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मूठ धरली तरी हे वेगळे पडतात. याहून पुढचे काम एकट्याला जमत नाही, आणि तिथे या सीमाभागाची एक सोय आहे. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात येते, बेळगाव कर्नाटकात, आणि दोहोंत सरळ रेषेत साठेक किलोमीटर अंतर आहे. एकाच क्षणी दोन्हीकडून पाहिलेल्या दिव्याची दिशा आणि उंची ताडली की अंतराचा प्रश्न सुटतो. अर्जुननगरच्या डोक्यावर शंभर किलोमीटरवर जळणारी उल्का बेळगावातून डोक्यापासून तीस अंश उत्तरेला ढळलेली दिसेल, म्हणजे तीन मुठी. साडेपाचशे किलोमीटरवरचा उपग्रह जेमतेम सहा अंश. शुक्र तसूभरही नाही. आणि निपाणीच्या एखाद्या मांडवावरचा ड्रोन बेळगावातून दिसणारच नाही. अशा ताडणीसाठी दोन वह्या लागतात, एक त्या बाजूला आणि एक या बाजूला, आणि दोन्हीकडची घड्याळे एका वेळेला लावलेली.