एकट्या आईच्या लेकराचा हक्क

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एक रिवायत आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकली असेल. मदीनेबाहेर एक काफिला उतरला होता आणि त्याच्या राखणीसाठी खलीफा स्वतः हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना घेऊन गेले होते. रात्रभर एक तान्हे मूल रडत होते. उमर (रजि.) यांनी आईला पुन्हा पुन्हा समज दिली, शेवटी दोषही दिला. त्यांना न ओळखणाऱ्या त्या माउलीने सांगितले की, ती बाळाचे दूध तोडू पाहत आहे, कारण दूध सुटल्याशिवाय उमर मुलाला वृत्ती देत नाही. फज्रच्या नमाजात हुंदक्यांमुळे खलीफांचे पठण लोकांना उमजेना. नमाज होताच त्यांनी दवंडी देवविली की, यापुढे प्रत्येक बालकाला जन्मापासून बैतुलमालमधून वृत्ती मिळेल.

वाचकहो, ही रिवायत खलीफांच्या कोमल हृदयाचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या आईला त्यांनी दोष दिला, तिचे वागणे त्यांच्याच नियमाने घडविले होते. त्यांनी आईला उपदेश केला नाही, नियम बदलला.

आता आपल्या मोहल्ल्यातील विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री पाहा. सकाळी ती धुणीभांड्यांना निघते. तीन वर्षांचे मूल कोणाकडे ठेवायचे? अंगणवाडी काही तासांत सुटते. मग ती दोनच घरे धरते आणि अर्ध्या कमाईत भागवते, नाहीतर थोरल्या मुलीची शाळा सुटते. रमजानमध्ये आपण तिला शिधा पोहोचवितो. तो महिनाभर पुरतो. तिला अपुरे पडतात ते दिवसाचे तास, आणि त्यांचा हिशेब आपल्या कोणत्याही यादीत नसतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना 2017 पासून कायद्याने पाळणाघर सक्तीचे आहे, पण मोलकरणीला कसली आस्थापना!

शासनाच्या योजना आहेत. एक पालक गमावलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेत दरमहा 2250 रुपये, तर निराधार स्त्रीला संजय गांधी योजनेतून 1500 रुपये मंजूर होऊ शकतात. अडते ते कागदांवर. टाकलेल्या स्त्रीकडे ना मृत्यूचा दाखला, ना तलाकचा कागद. जलशाचा मंडप उभारायला आपल्याकडे पन्नास तरुण सहज मिळतात, अस्रनंतर मशिदीत बसून असे अर्ज भरून देणारे दोन मिळू नयेत?

काही विश्वस्त म्हणतात, बाप जिवंत आहे, म्हणजे हे मूल यतीम नव्हे. फिकहच्या व्याख्येनुसार ते बरोबरच आहे. शिवाय हनफी मतानुसार बाप सधन असेल तर त्याचे अल्पवयीन मूलही सधनच मानले जाते, त्यामुळे त्या मुलाच्या नावे जकात देता येत नाही. पण चर्चा तेथेच थांबविणे मला मान्य नाही. आई स्वतः निसाबची धनी नसेल तर जकात तिला देता येते. आणि मुलाचा खर्च मुळात बापावर आहे. दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये तर दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भारही मुलाच्या बापावर टाकला आहे. तलाकने पितृत्व तुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात तलाकशुदा स्त्रीच्या मुलांचा पोटगीचा हक्क मान्य केला. निकाहाला साक्षीदार होणारी जमात पोटगीच्या वेळी मात्र 'घरगुती मामला' म्हणून अंग काढते.

पाळणाघराचा खर्च जकातीतून भागत नाही, कारण जकात गरिबाच्या मालकीची करून द्यावी लागते; इमारत वा पगार त्यात बसत नाहीत. त्यासाठी नफ्ल सदका आणि वक्फचे उत्पन्न आहे. यामुळे स्त्रियांना घराबाहेर पडण्याचे उत्तेजन मिळेल, अशी शंका कोणी घेतात. ती बाहेर पडलेलीच आहे. मूल तेवढे कुलूपबंद घरात किंवा रस्त्यावर आहे. प्रेषित (स.) स्वतः जन्मापूर्वीच पित्याला मुकले होते. त्यांच्या संगोपनाला माता आमिना यांच्याबरोबर हलीमा सादिया आणि उम्मे ऐमन (रजि.) यांचेही हात लागले.

अनेक मशिदींतील मकतबची खोली सकाळचा वर्ग सुटला की सायंकाळपर्यंत बंद असते. दोन विश्वासू स्त्रियांचे वेतन, दूध, खिचडी, सतरंजी एवढ्यावर ती आठ ते सहा उघडी राहू शकेल. पुढील बैठकीत विश्वस्तांना प्रथम एवढेच विचारा, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?