हळद निघाली की द्या

औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार, आणि तिथल्या किराणा दुकानातले आमचे आप्पा. साखरेची पुडी बांधताना दोऱ्याचं टोक दातात धरायचे, दोन वेढे, एक गाठ. पुडी घरापर्यंत कधी सुटली नाही. तराजूचा काटा स्थिरावला की वर आणखी एक चिमूट. पैसे नसले तर म्हणायचे, "हळद निघाली की द्या." नऊ महिन्यांचं पीक ते! पण आप्पा थांबायचे. १९९९ साली आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला, त्यांच्या लाल वहीतली ओळख मात्र तीच राहिली: अमक्याची लेक, तमक्याची सून. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याचं कीर्तनात ऐकलं, की मला ती वही दिसते. माझ्या आईच्या नावापुढे तिच्यात अजून तेरा रुपये बाकी आहेत.