सांघिक विजयाचे फळ

बिली जीन किंग चषक ही महिला टेनिसमधील देशोदेशींच्या संघांची सर्वांत मोठी स्पर्धा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाला 50 वर्षे झाली त्या 1963 साली लंडनच्या क्वीन्स क्लबवर 16 संघांनिशी ती सुरू झाली. तेव्हाचे नाव फेडरेशन कप. 1995पासून फेड कप आणि 2020पासून सध्याचे. टेनिस एरवी एकटीचा खेळ आहे. या स्पर्धेत मात्र पंच गेम पुकारतात तो देशाच्या नावाने, आणि कर्णधार कोर्टालगत बसून बाजू बदलताना खेळाडूशी बोलतो. फटका एकीचा, विजय सगळ्यांच्या नावावर. मग कर्माचे फळ नेमके कोणाचे, हा भारतीय तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न येथे अगदी उघड्यावर उभा राहतो.

एप्रिल 2025मध्ये या स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गट-1चे सामने पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाले. प्रत्येक लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी. तिनांपैकी दोन जिंकेल तो संघ विजयी. पहिल्याच दिवशी श्रीवल्ली भामिदिपातीने आपला सामना जिंकला, पण भारत न्यूझीलंडकडून 1-2 असा हरला. पहिला धरून तिने आपले पाचही एकेरी सामने जिंकले आणि भारत गटात दुसरा येऊन प्ले-ऑफला पात्र ठरला. तिने केलेले पहिल्या दिवशी वाया गेले, आणि संघातल्या ज्या त्या दिवशी हरल्या त्यांनाही शेवटी तीच पात्रता मिळाली.

कर्मसिद्धान्ताच्या दृष्टीने हे दोन्ही दोष आहेत. केलेल्या कर्माचे फळ न मिळणे म्हणजे कृतनाश. न केलेल्याचे फळ पदरात पडणे म्हणजे अकृताभ्यागम. आत्मा नित्य आहे, पुनर्जन्म आहे, असे सांगताना शास्त्रकार याच दोन दोषांचा आधार घेतात: हे दोष टाळायचे तर करणारा आणि भोगणारा एकच मानावा लागतो. तसे पाहिले तर संघ ही कल्पनाच अन्यायाची ठरते.

पण शास्त्राने हा पेच पाहिलेला नव्हता असे नाही. नेहमीच्या यज्ञात ऋत्विज म्हणजे पुरोहित कर्म करतात, दक्षिणा घेतात आणि फळ यज्ञ करवून घेणाऱ्या यजमानाला जाते. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञाची रीत वेगळी. त्यात किमान 17 जण बसतात, सगळे यजमान आणि तेच ऋत्विज. दक्षिणा कोणी कोणाला द्यायची नसते. अशा वेळी फळाचे सतरा वाटे पडतात का, असा प्रश्न यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी घेतला आणि उत्तर दिले: वाटे पडत नाहीत, प्रत्येकाला पूर्ण फळ मिळते. सांघिक स्पर्धेला लागू पडणारे यापेक्षा नेमके उत्तर सापडणे कठीण आहे. चषक जिंकणाऱ्या संघातली कोणीही पाव विजेती नसते. मात्र सत्राची एक अट विसरता येत नाही: तेथे सगळे समान दर्जाचे यजमान असतात.

करणारा कोण, याबद्दल गीतेच्या अठराव्या अध्यायात आणखी खोल विचार आहे. कोणतेही कर्म पाच कारणांनी घडते: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि दैव. जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असे गीता पुढे सांगते. दुहेरीच्या एका गुणात हे पाहता येते. नेटजवळची खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करते. जोडीदार त्याप्रमाणे सर्व्हिस मधल्या रेषेवर टाकते. परतीचा चेंडू ढिला येतो. नेटजवळची एक पाऊल सरकून तो संपवते. टाळ्या शेवटच्या फटक्याला पडतात, पण गुण खुणेचा, सर्व्हिसचा, कोर्टच्या वेगाचा आणि वाऱ्याचाही असतो. पुण्यात खेळलेल्या भारतीय संघात दुहेरी खेळणारी प्रार्थना ठोंबरे बार्शीची. 2014च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर तिने दुहेरीचे कांस्य मिळवले आणि 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्येही ती सानियाची जोडीदार होती. दुहेरीत पदक दोघींना मिळते आणि नोंदीत नावेही दोन्ही येतात.

कर्म कोणाचे आणि फळ कोणाचे, हा प्रश्न कोर्टबाहेर, रोजच्या कष्टातही येतो. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले युसूफ वडगाव त्याच्या अगदी मध्ये आहे. एका बाजूला बार्शी, दुसऱ्या बाजूला अंबाजोगाई. आत्मा अकर्ता आहे हा अद्वैत विचार मराठीत मांडणाऱ्या ‘विवेकसिंधु’कर्त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे, आणि गीतेवर ‘गीतार्णव’ हा प्रचंड ग्रंथ लिहिणारे दासोपंतही तिथेच राहिले. याच परिसरातून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरायला देते. काही जणी स्वतः तोडतातही. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. एकाचा खाडा पडला की दंड कोयत्याला, म्हणजे दोघांनाही. दोष वाटून घेतला जातो, फळ एकाच्या हाती राहते. हे सत्र नव्हे. येथे बाई ऋत्विजाचे काम करते आणि तिला दक्षिणाही स्वतःच्या हातात मिळत नाही.

कोणी म्हणेल, अहंकार सोडणे हाच तर उपदेश आहे, मग नावाचा आग्रह कशाला? हा युक्तिवाद फार जणांनी सोयीने वापरला आहे आणि तो चुकीचा आहे. फलत्याग कर्त्याने करायचा असतो. ज्याच्या हाती फळ आलेच नाही त्याने ते सोडले असे म्हणता येत नाही. दुसऱ्याने काढून घेतले तर त्याला त्याग म्हणत नाहीत. गीता कर्त्याला पाचांपैकी एक ठरवते, पाचांतून वगळत नाही.

बिली जीन किंग चषकाच्या व्यवस्थेत हा भेद पाळला जातो. लढतीचा निकाल देशाच्या नावाने लागतो, पण प्रत्येक खेळाडूने या स्पर्धेत एकेरीत किती सामने जिंकले-हरले आणि दुहेरीत किती, याची नोंद महासंघ तिच्या नावाने स्वतंत्र ठेवतो. त्यामुळे पुण्यातला पहिल्या दिवशीचा पराभव भारताच्या खाती गेला आणि त्याच दिवशीचा विजय श्रीवल्लीच्या खाती राहिला. कृतनाशाचा दोष तेवढा टळला. संघाला मिळालेल्या पात्रतेत हरलेल्यांचाही पूर्ण हक्क आहे. तो अकृताभ्यागम नाही, कारण त्याही कोर्टवर उतरल्या होत्या. कोयत्याच्या हिशेबात अशी दुसरी नोंद सहसा नसते. जोडीच्या कामाचे पैसे दोघांच्या नावे वेगवेगळे लिहिले तर कोयता मोडत नाही, ऊसही तेवढाच तुटतो.